गच्चीवरचा लोरा गेटवे (८६५-८६७ मेगाहर्ट्झ): समोर मोबाइल टॉवर असताना फिल्टर, एलएनए आणि बोर्ड कसा करावा?

गच्चीगेटवे

नमस्कार मंडळी. दादर पश्चिमेला सात मजली इमारतीच्या गच्चीवर लोरावॅनचा (सेन्सरांचे छोटे संदेश कमी विजेत लांब नेणारी रेडिओ पद्धत) गेटवे बसवला आहे. आसपासच्या सोसायट्यांच्या टाक्यांमधली पाण्याची पातळी आणि पंपांचे मीटर वाचायचे, एवढंच काम. समोरच्या गच्चीवर, अंदाजे ५० मीटरवर, मोबाइलचा टॉवर आहे.

मांडणी अशी: एसएक्स१३०२ चिपचा आठ चॅनेलचा गेटवे, अँटेना पोर्ट एकच, पाठवण्याची शक्ती २७ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली). अँटेना फायबरग्लासची, ५ डीबीआय. मध्ये १२ मीटर आरजी-५८ केबल.

स्प्रेडिंग फॅक्टर (आकडा मोठा तितका संदेश सावकाश जातो, पण लांब पोचतो) ७ वर चारशे मीटरच्या पुढचे सेन्सर ऐकू येत नाहीत. १० वर नेले की येतात, पण एअरटाइम वाढून बॅटरी लवकर संपते. गेटवेच्या नोंदीत बऱ्याच पॅकेटना आरएसएसआय (आलेली ताकद) -९८ आणि एसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती वर) -४ च्या आसपास दिसतो.

विचार असा आहे की अँटेनाच्या पायाशी डब्यात एक बोर्ड ठेवायचा. त्यावर आधी एसपीएफ५१८९झेड हा एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर), मग इंडक्टर-कपॅसिटरचा तीन टप्प्यांचा बँडपास फिल्टर (एकच पट्टा जाऊ देणारा). १.६ मिमीचा साधा एफआर-४ (फायबरग्लासचा नेहमीचा सर्किट बोर्ड), दोन लेयर. वीज केबलमधूनच वर पाठवायची. हाताशी नॅनोव्हीएनए-एच४ (फिल्टर, केबल मोजणारं यंत्र) आणि टायनीएसए (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल ते दाखवणारं यंत्र) आहेत.

ट्रॅकची रुंदी किती ठेवू? फिल्टर एलएनएच्या आधी की नंतर? इंडक्टर कुठले घेऊ?

डेसिबल

ट्रॅकच्या रुंदीआधी दोन गोष्टी.

पहिली: हा बोर्ड या जागी लावू नका. तुमचा गेटवे त्याच केबलवरून पाठवतोसुद्धा. २७ डीबीएम म्हणजे अर्धा वॅट, आणि तो एलएनएच्या आउटपुटमध्ये उलटा शिरेल. एलएनए एकाच दिशेने चालतो, म्हणून अँटेनापर्यंत जवळपास काहीच पोचणार नाही. सेन्सरना जॉइनचं (नेटवर्कमध्ये सामील होण्याच्या विनंतीचं) उत्तर मिळणार नाही, पोचपावत्या बंद पडतील आणि एलएनए बिघडण्याचा धोका राहील तो वेगळाच. फिल्टर दोन्ही दिशांना सारखाच चालतो, त्यामुळे तो रांगेत चालतो. एलएनए चालत नाही.

दुसरी: तुमच्याच आकड्यांत दुखणं दिसतंय. १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थला उष्णतेचा नॉइज -१७४ + ५१ म्हणजे -१२३ डीबीएम. गेटवेची नॉइज फिगर (तो स्वतः किती नॉइज घालतो तो आकडा) ५ डीबी धरली तर त्याच्या दारात नॉइज फ्लोअर -११८ हवा. आता -९८ आरएसएसआय, एसएनआर -४. नोंदीतला हा आरएसएसआय सिग्नल आणि नॉइज मिळून आहे असं धरा, म्हणजे नॉइज साधारण -९९.५ निघतो. फ्लोअर १८-१९ डीबी वर उचललेला आहे. सिग्नल कमी पडत नाहीये, नॉइज जास्त आहे. अशा वेळी पुढे १८ डीबी गेन लावलात तर सिग्नलही १८ ने वाढेल आणि नॉइजही. एसएनआर जिथे आहे तिथेच राहील, किंवा पुढचे टप्पे आणखी दबून खाली जाईल.

नॉइज कुठून येतो? भारतात बँड ५ चा डाउनलिंक, म्हणजे टॉवरकडून फोनकडे जाणारा पट्टा, ८६९ ते ८९४ मेगाहर्ट्झ आहे. आपला पट्टा ८६७ ला संपतो. (२०२१ च्या नियमांनी विनापरवाना पट्टा ८६८ पर्यंत वाढला, पण लोरावॅनच्या भारतासाठीच्या आराखड्याचे, म्हणजे आयएन८६५ चे, चॅनेल खालीच आहेत.) म्हणजे अंतर अवघं २ मेगाहर्ट्झ. २० वॅटचा टॉवर, म्हणजे ४३ डीबीएम. त्याच्या अँटेनाचा गेन १७ डीबीआय, ५० मीटरचा मोकळ्या हवेतला पाथ लॉस ६५ डीबी, तुमचे ५ डीबीआय. मुख्य झोतात असाल तर अँटेनावर ० डीबीएम येतं. झोताच्या बाहेर असाल तर २० डीबी कमी धरा, -२०. आणि तुम्हाला ऐकायचं आहे -१२० च्या आसपासचं.

खारघरकर

डेसिबल यांच्याशी सहमत. पण बोर्ड किंवा फिल्टरवर पैसे घालण्याआधी नॉइज नक्की कुठे तयार होतोय ते ठरवा. तीन शक्यता आहेत आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा.

अ) इंटरमॉड्युलेशन. टॉवरच्या दोन वाहक लहरी गेटवेच्या पुढच्या टप्प्यात मिसळून नवी लहर तयार होते. एक ८७२ वर आणि दुसरी ८७८ वर असेल तर २ × ८७२ - ८७८ = ८६६. बरोबर आपल्या पट्ट्यात.

आ) रेसिप्रोकल मिक्सिंग. गेटवेच्या स्वतःच्या ऑसिलेटरचा फेज नॉइज टॉवरच्या ताकदवान सिग्नलशी मिसळून आपल्या चॅनेलवर पसरतो.

इ) टॉवरच्या ट्रान्समीटरमधूनच ८६५-८६७ मध्ये सांडणारा नॉइज.

चाचणी सोपी आहे. खात्रीचा १० डीबी ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक मापाने कमी करणारा) घ्या, किमान १ वॅटचा, कारण गेटवे त्यातून पाठवणार आहे. शक्य असेल तर चाचणीपुरतं डाउनलिंक बंदच ठेवा. ॲटेन्युएटर केबल आणि गेटवे यांच्या मध्ये लावून जवळच्या सेन्सरची शंभरेक पॅकेट पाहा. सिग्नल १० ने पडणारच. अ असेल तर नॉइज ३० ने पडायला बघतो, कारण तिसऱ्या क्रमाचं मिश्रण डीबीमागे ३ डीबी घसरतं. -११८ च्या खाली तो जाऊ शकत नाही, पण एसएनआर स्पष्ट सुधारतो. आ किंवा इ असेल तर नॉइजही साधारण १० नेच पडतो आणि एसएनआर जवळपास तसाच राहतो.

आ आणि इ वेगळे करायला अरुंद फिल्टर लागतो. मागूनतागून आणा. फिल्टर लावल्यावर नॉइज पडला तर आ. तसाच राहिला तर इ, आणि मग जगातला कुठलाही फिल्टर उपयोगाचा नाही, कारण तो नॉइज तुमच्याच पट्ट्यात आहे. तेव्हा अँटेना हलवायची. पाण्याच्या टाकीच्या किंवा जिन्याच्या माथ्याच्या आड अशी घ्या की टॉवर आणि अँटेना यांच्यामध्ये काँक्रीट येईल. किंवा टॉवरच्या विरुद्ध तोंड केलेली पॅनेल अँटेना लावा.

टायनीएसएबद्दल सावधान. साध्या टायनीएसएचा हाय इनपुट २४० ते ९६० मेगाहर्ट्झ घेतो, पण -२० डीबीएमचा टॉवर समोर असताना तो स्वतःच दबतो आणि पडद्यावर नसलेल्या लहरी दाखवतो. ॲटेन्युएटर लावून एकदा, काढून एकदा बघा. जी रेघ १० ऐवजी ३० ने पडते ती यंत्रातच तयार झालेली आहे.

गच्चीगेटवे

१० डीबीची चाचणी केली. लांबच्यांचा सिग्नल गेला, पण जवळच्या सेन्सरचा एसएनआर -४ वरून +३ झाला. म्हणजे अ?

खारघरकर

मुख्यतः अ. तुमचा नॉइज -९९.५ वरून १७ ने पडला. नुसता १० ने पडला असता तर आ किंवा इ. पूर्ण अ असता तर तो -११८ ला टेकायला हवा होता, तो -११६.५ ला थांबला, म्हणजे थोडा वाटा दुसऱ्या कशाचा आहे. फिल्टर लावा, फरक नक्की पडेल.

स्मिथचक्र

आता फिल्टर. इंडक्टर-कपॅसिटरचा तीन टप्प्यांचा फिल्टर इथे का चालणार नाही ते आकड्यांतच बघू, नाहीतर कोणीतरी पुन्हा त्याच वाटेने जाईल.

बँडपास फिल्टरचा मध्यावरचा इन्सर्शन लॉस (फिल्टरमधून जाताना सिग्नलची होणारी घट) ढोबळमानाने असा: ४.३४ × (जी-मूल्यांची बेरीज) ÷ (सापेक्ष बँडविड्थ × रेझोनेटरचा क्यू). जी-मूल्यं ही फिल्टरच्या तक्त्यातली ठरलेली मूल्यं, आणि क्यू जितका मोठा तितकी रेझोनेटरमध्ये ऊर्जा कमी वाया जाते. ०.१ डीबी रिपलच्या चेबिशेव (फिल्टरचा एक प्रमाण प्रकार) तीन टप्प्यांसाठी जी-मूल्यं १.०३१५, १.१४७४, १.०३१५, बेरीज ३.२१. आपल्याला पास करायचे साधारण ३ मेगाहर्ट्झ, मध्य ८६६. म्हणजे सापेक्ष बँडविड्थ ०.३५ टक्के.

०६०३ आकाराच्या चांगल्या वायरवाउंड इंडक्टरचा या फ्रिक्वेन्सीला क्यू ६० धरा. लॉस येतो ६७ डीबी. सदुसष्ट! सिग्नल शिल्लकच राहत नाही. त्याच इंडक्टरने १०० मेगाहर्ट्झ रुंद फिल्टर केला तर लॉस २ डीबीवर येतो, पण तो टॉवरला हात लावत नाही. एफआर-४ वर मायक्रोस्ट्रिपचे रेझोनेटर कोरले तरी तीच गत. एफआर-४ चा लॉस टँजंट सुमारे ०.०२, म्हणजे क्यूची मर्यादा पन्नाशीच्या घरात.

म्हणून इथे कॅव्हिटी, म्हणजे रेझोनेटर म्हणून वापरायची धातूची पोकळ पेटी. चांदीचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या कॉम्बलाइन कॅव्हिटीला ३००० क्यू सहज मिळतो. त्याच सूत्रात:

तीन कॅव्हिटी: मध्यावर लॉस १.३ डीबी. ८६९.५ वर रिजेक्शन (नको ते अडवणं) १७ डीबी, ८७४ वर ३९ डीबी.

पाच कॅव्हिटी: लॉस २.९ डीबी. ८६९.५ वर रिजेक्शन ४२ डीबी.

कुठला घ्यायचा हे टॉवरच्या सर्वांत खालच्या वाहक लहरीवर ठरतं. ती ८७० च्या आत असेल तर पाच. ८७२-८७४ च्या पुढे असेल तर तीन पुरतात आणि दीड डीबी वाचतो. टायनीएसएवर ८६० ते ९०० पाहून ही लहर कुठे सुरू होते ते आधी टिपून घ्या. आणि लक्षात घ्या, दोन्ही लहरी १७ डीबीने पाडल्या तर त्यांचं तिसऱ्या क्रमाचं मिश्रण ५१ डीबीने पडतं. म्हणून १७ हा आकडा वाटतो तितका लहान नाही.

नवी_पट्टी

सॉ फिल्टर (स्फटिकाच्या पृष्ठभागावरच्या लहरींवर चालणारा चिमुकला फिल्टर) का नको? ८६८ चे सॉ फिल्टर ऑनलाइन अगदी स्वस्त मिळतात. लॅमिंग्टन रोडला मॉड्यूलसकट मिळतात.

स्मिथचक्र

ते युरोपच्या ८६३-८७० पट्ट्यासाठी बनवलेले असतात. ८६९ ते ८७० ते जवळजवळ न अडवता आत घेतात आणि पुढेही हळूहळू उतरतात. मुंबईत त्याचा अर्थ टॉवरची पहिली वाहक लहर तशीच आत. ९०० च्या पट्ट्यातला त्रास ते कमी करतात, पण तुमचा त्रास ८७० चा आहे.

८६६ वर मध्य असलेले अरुंद सॉ मिळतात. त्यांची अडचण तापमानाची. लिथियम टँटलेटवरचा सॉ फिल्टर अंशाला ३० ते ४० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) खाली सरकतो. गच्चीवरचा बंद पत्र्याचा डबा मे महिन्यात साठ अंशांच्या पुढे जातो. खोलीच्या तापमानापासून ४० अंशांचा फरक धरला तर सरक १.२ मेगाहर्ट्झ. अरुंद फिल्टरला हे परवडत नाही. सॉ लावायचाच तर तो खाली घरात, गेटवेजवळ लावा.

डेसिबल

कॅव्हिटीबद्दल एक सूचना. आयएन८६५ चे तीन ठरलेले अपलिंक चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ वर आहेत, दुसरी रिसीव्ह विंडो (सेन्सर गेटवेचं उत्तर ऐकतो ती वेळ) ८६६.५५० वर. मग मध्य ८६६ ला का ठेवायचा? ८६५.६ ला ठेवा, पासबँड ८६४.१ ते ८६७.१. तीन कॅव्हिटीत ८६९.५ चं रिजेक्शन १७ वरून जवळजवळ २० डीबी होतं, आणि फुकट.

स्मिथचक्र

खोलीत ट्यून करणार असाल तर तसं करू नका. ॲल्युमिनियम अंशाला २३ पीपीएम प्रसरण पावतं, आणि तापमानाची भरपाई नसलेली कॅव्हिटी त्याच प्रमाणात खाली येते. ४० अंशांना ०.८ मेगाहर्ट्झ. ८६५.६ वर बसवलेला फिल्टर मे महिन्याच्या दुपारी ८६४.८ वर जाईल, वरची कड ८६६.३ ला येईल आणि ८६६.५५० कडेबाहेर. खोलीत २७ अंशांना मध्य ८६६ वर बसवलात तर तापल्यावर तो ८६५.२ होतो आणि कडा ८६३.७ ते ८६६.७. सगळे चॅनेल आत राहतात, आणि तुम्हाला हवा असलेला खालचा मध्य ऊन स्वतःच आणून देतं. मुंबईत खालच्या टोकाची थंडी नसते, म्हणून ही एकतर्फी सोय इथे चालते. नाशिकला जानेवारीसाठी वेगळा हिशेब करावा लागेल.

डेसिबल

पटलं. ८६६ च ठेवा.

गच्चीगेटवे

समजलं. मग एलएनए पूर्णपणे विसरू का? केबल लांब आहे म्हणून तो घालायचा विचार होता.

डेसिबल

केबलचं दुखणं केबलनेच बरं करा. आरजी-५८ चा ८६६ ला लॉस १०० मीटरमागे ५० डीबीच्या आसपास, म्हणजे तुमच्या १२ मीटरला ६ डीबी. एलएमआर-४०० (जाड, कमी लॉसची केबल) चा १०० मीटरमागे १२.८, म्हणजे १२ मीटरला दीड.

आजची बेरीज: केबल ६ + गेटवे ५ = ११ डीबी नॉइज फिगर.
एलएमआर-४०० आणि तीन कॅव्हिटी: १.५ + १.३ + ५ = ७.८ डीबी.

म्हणजे फिल्टर घालूनसुद्धा ३.२ डीबी कमावले. स्प्रेडिंग फॅक्टरची एक पायरी २.५ डीबीची असते, तेव्हा हे एका पायरीपेक्षा जास्त. वर टॉवरचा १८ डीबीचा नॉइज गेला तो निराळा. पाठवतानाही फायदा: २७ + ५ - २.८ = २९.२ डीबीएम ईआयआरपी (अँटेनाचा गेन धरून बाहेर पडणारी शक्ती), आयएन८६५ च्या ३० च्या मर्यादेत. १ वॅट ट्रान्समीटर आणि ४ वॅट ईआरपी ही सरकारी मर्यादा तर खूप वर आहे.

कॅव्हिटीनंतर, गेटवेच्या बाजूला, एलएनए लावला तर बेरीज २.१ डीबी येते, आधी-नंतरचे स्विच धरून ३ च्या आसपास. आणखी पावणेपाच डीबी मिळतात, खरं आहे. पण त्यासाठी स्विच, त्यांचं नियंत्रण, वर वीज आणि गच्चीवर बिघडू शकणारा एक बोर्ड. क्रम असा ठेवा: केबल, कॅव्हिटी, अँटेनाची जागा. एवढ्यावर भागलं नाही तरच एलएनए.

तांब्याची_पट्टी

एलएनएचा बोर्ड कधीतरी करायचाच असेल तर मूळ प्रश्नांची उत्तरं इथे देऊन ठेवतो. हा धागा शोधत येणाऱ्यांनाही लागतील.

*मांडणी.* एकाच पोर्टच्या गेटवेला एलएनएच्या दोन्ही बाजूंना स्विच लागतात. पीई४२५९ सारखा स्विच १ गीगाहर्ट्झला ०.३५ डीबी खातो आणि २७ डीबीएम आरामात झेलतो. पण पाठवणं सुरू झालं हे बोर्डला कळवणार कोण? गेटवे उघडून ट्रान्समिट एनेबलची तार बाहेर काढणं हाच भरवशाचा मार्ग. कपलर आणि डिटेक्टरने ओळखता येतं, पण पहिले काही मायक्रोसेकंद पूर्ण शक्ती चुकीच्या वाटेवर असते. गेटवेला रिसीव्ह आणि ट्रान्समिट वेगळे पोर्ट असतील तर दोन अँटेना सगळ्यांत सोप्या. एका उभ्या खांबावर एकीच्या वर दुसरी, मध्ये १ मीटर ठेवलं तर आयसोलेशन ४६ डीबीच्या आसपास मिळतं आणि एलएनएवर -१९ डीबीएम येतं, ते तो सहन करतो. त्याच दोन अँटेना शेजारी शेजारी १ मीटरवर लावल्या तर आयसोलेशन वीसेक डीबीच राहतं. तसं करू नका.

*रुंदी.* १.६ मिमी एफआर-४, डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४.४: ५० ओहमसाठी ३ मिमी. ०४०२ चे पार्ट ३ मिमीच्या ट्रॅकवर बसवले की प्रत्येक ठिकाणी रुंदीची पायरी येते. त्यापेक्षा चार लेयरचा बोर्ड घ्या, वरच्या लेयरखाली ०.२ मिमीवर ग्राउंड. तिथे रुंदी ०.३५ ते ०.४ मिमी येते. नेमका आकडा बोर्ड बनवणाऱ्याच्या स्टॅकअपवरून काढा, इंटरनेटवरच्या तयार आकड्यावरून नाही.

*ग्राउंड.* चार लेयरचं खरं कारण इथे आहे. १.६ मिमी लांब, ०.३ मिमी व्यासाच्या एका व्हायाचं (दोन लेयर जोडणाऱ्या छिद्राचं) इंडक्टन्स १.३ नॅनोहेन्री, म्हणजे ८६६ ला ७ ओहम. एलएनएच्या ग्राउंडमध्ये ७ ओहम आले की गेन पडतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला तो गुणगुणू लागतो. ०.२ मिमीच्या लेयरला हेच इंडक्टन्स ०.१ नॅनोहेन्रीच्या आत. एसपीएफ५१८९झेडच्या पोटाखालच्या पॅडला किमान ८-१० व्हाया द्या. ५ व्होल्टला ९० मिलिअँपिअर म्हणजे जवळपास अर्ध्या वॅटची उष्णताही तिथूनच जायची आहे.

*डीसी ब्लॉक* (डीसी अडवून सिग्नल जाऊ देणारा कपॅसिटर). ४७ पिकोफॅरॅड, सी०जी (तापमानाने जवळजवळ न बदलणारा प्रकार), ०६०३. त्याचं स्वतःचं इंडक्टन्स ०.६ नॅनोहेन्री धरलं तर सेल्फ-रेझोनन्स ९५० च्या जवळ येतो, म्हणजे आपल्या पट्ट्यात तो जवळजवळ शॉर्ट. १०० पिकोफॅरॅडही चालतो. ०.१ मायक्रोफॅरॅडचा एक्स७आर इथे नको.

*चोक* (वीज जाऊ देऊन सिग्नल अडवणारा इंडक्टर). १०० नॅनोहेन्री वायरवाउंड, ८६६ ला ५४४ ओहम. सेल्फ-रेझोनन्स १ गीगाहर्ट्झच्या वर आहे ना ते डेटाशीटमध्ये बघा. चोकच्या वीजेकडच्या टोकाला ४७ पिकोफॅरॅड, १ नॅनोफॅरॅड आणि १ मायक्रोफॅरॅड, सर्वांत लहान सर्वांत जवळ.

*स्थिरता.* हे बहुतेकांकडून राहून जातं. कॅव्हिटी पासबँडच्या बाहेर जवळजवळ सगळं परत फेकते. म्हणजे एलएनएच्या इनपुटला ८६६ वर ५० ओहम दिसतात, पण ३०० वर किंवा २००० वर पूर्ण परावर्तन, आणि त्याची फेज मधल्या केबलच्या लांबीवर. टेबलावर ५० ओहमला शांत असलेला एलएनए कॅव्हिटी जोडली की ऑसिलेट होऊ शकतो. सिम्युलेशनमध्ये के-फॅक्टर (स्थिरतेचा निर्देशांक) १० मेगाहर्ट्झपासून ६ गीगाहर्ट्झपर्यंत १ च्या वर आहे का ते पाहा, फक्त पट्ट्यात नव्हे. आउटपुटला ३ डीबीचा पॅड (छोटा ॲटेन्युएटर) ठेवा. पुढे १८ डीबी गेन असल्याने नॉइज फिगरमध्ये त्याचा फरक जाणवत नाही, आणि स्थिरता खूप सुधारते.

नवी_पट्टी

एफआर-४ ऐवजी रॉजर्स (कमी लॉसचं महाग बोर्ड मटेरियल) घेतलं तर?

तांब्याची_पट्टी

८६६ ला गरज नाही. एफआर-४ वर ट्रॅकचा लॉस सेंटिमीटरला ०.०३ डीबीच्या आसपास, आणि एलएनएच्या आधी दोन सेंटिमीटरच ट्रॅक आहे. ५.८ गीगाहर्ट्झला तोच लॉस सेंटिमीटरला ०.१७ च्या पुढे जातो, तिथे रॉजर्सचं आरओ४३५०बी घ्यावं. बोर्डावरच फिल्टर किंवा कपलर कोरायचा असेल तरीही घ्यावं, कारण एफआर-४ चा डायइलेक्ट्रिक स्थिरांक लॉटगणिक बदलतो.

गच्चीगेटवे

तीन कॅव्हिटीचा, ट्यून करता येणारा फिल्टर मिळतोय. टॉवरची पहिली लहर ८७३ च्या पुढे दिसते, तेव्हा तीनच घेतो. नॅनोव्हीएनएवर ट्यून कसा करू?

स्मिथचक्र

स्वीप ८५६ ते ८७६, ४०१ पॉइंट, म्हणजे पॉइंटमागे ५० किलोहर्ट्झ. कॅलिब्रेशन केबलच्या टोकाला, फिल्टर जिथे जोडणार तिथेच: ओपन, शॉर्ट, लोड, थ्रू. कॅलिब्रेशननंतर केबल वाकवू नका.

आधी तिन्ही स्क्रू पूर्ण आत घालू नका, आहेत तिथून सुरुवात करा. एस११ (फिल्टरवरून परत येणारा भाग) बघत पहिला आणि तिसरा स्क्रू एकाच दिशेने, सारख्या मापाने फिरवा, मधला नंतर. पासबँडमध्ये एस११ चे तीन खड्डे दिसले आणि सगळीकडे रिटर्न लॉस १५ डीबीच्या वर गेला की फिल्टर जागेवर आला. २० मिळाले तर उत्तम. मग एस२१ (फिल्टरमधून पार जाणारा भाग) बघा. लॉस दीड डीबीच्या आत हवा. दोनच्या वर असेल तर बहुधा स्क्रूचा संपर्क किंवा झाकणाचे स्क्रू ढिले असतात.

लॉकनट घट्ट करताना स्क्रू किंचित फिरतो आणि फ्रिक्वेन्सी शेकडो किलोहर्ट्झ सरकते. म्हणून स्क्रू ड्रायव्हरने धरून नट आवळा आणि आवळल्यानंतरच शेवटचं वाचन घ्या.

एच४ ३०० मेगाहर्ट्झच्या वर तिसऱ्या हार्मॉनिकवर मोजतो, म्हणून ८६६ ला डायनॅमिक रेंज ६० डीबीच्या आसपासच असते. तुमचे ३९ डीबी त्यात बसतात. पण याच कारणाने एलएनए मोजताना फसगत होते. ८६६ मोजत असताना यंत्र २८९ ची मूळ लहर त्याहून मोठ्या ताकदीने बाहेर पाठवत असतं, आणि ती एलएनएला दाबते. एलएनएच्या आधी २० ते ३० डीबीचा ॲटेन्युएटर लावून, त्यासकट कॅलिब्रेट करून मगच गेन वाचा.

खारघरकर

पावसाळ्याआधी बसवणार असाल तर यांत्रिक गोष्टी. आरजी-५८ बाहेरून काढताय ते बरंच आहे. तिच्या विणलेल्या जाळीत पाणी शिरलं की ते केशाकर्षणाने मीटरभर आत जातं आणि लॉस महिन्यागणिक वाढत राहतो.

अँटेना, कॅव्हिटी आणि एलएमआर-४०० सगळीकडे एन कनेक्टर ठेवा, एसएमए फक्त घरात. सांध्यावर आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप, अर्धी पट्टी एकमेकीवर येईल अशी, खालून वर गुंडाळत. म्हणजे पाणी थरांवरून ओघळतं, आत शिरत नाही. त्यावर उन्हात टिकणारी काळी विनाइल टेप. सिलिकॉन लावायचंच तर आंबट वासाचं नको, त्यातलं ॲसेटिक ॲसिड तांबं आणि पितळ खातं. केबल डब्यात शिरण्याआधी खाली झोळ द्या, प्रवेश डब्याच्या तळातून, आणि तळालाच एक बारीक छिद्र ठेवा. पूर्ण बंद डब्यात रात्री दव साचतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते.

समुद्र जवळ आहे, म्हणून कॅव्हिटीच्या ॲल्युमिनियमला स्टीलचे ब्रॅकेट थेट लावू नका, मध्ये नायलॉनचे वॉशर घाला. लाइटनिंग अरेस्टर गॅस ट्यूबचा घ्या आणि त्याची अर्थ तार इमारतीच्या तडित-वाहकाच्या पट्टीला जाड, कमीत कमी लांबीची जोडा. पाण्याच्या पाइपला जोडू नका, आता बहुतेक पाइप प्लास्टिकचे असतात.

आणि खरेदी करताना एसएमए आणि रिव्हर्स एसएमए नीट पाहा. दोन्हींचे आटे एकमेकांवर बसतात, पण मध्ये दोन्हीकडे पिन येते किंवा दोन्हीकडे छिद्र येतं. नॅनोव्हीएनएवर एस११ ० डीबीला चिकटलेला दिसला की पहिला संशय यावर घ्या.

गच्चीगेटवे

एलएमआर-४०० आणि कॅव्हिटी लावली. फिल्टर २७ अंशांना ८६६ वर, लॉस १.४, ८७४ ला ३७ डीबी. त्याच सेन्सरचा एसएनआर -४ वरून +७ वर, आणि स्प्रेडिंग फॅक्टर ७ वर सातशे मीटरपर्यंतचे सेन्सर येऊ लागले. नोंदीत आता त्याहून जवळच्या सेन्सरांचा एसएनआर १० च्या वर आहे, पण टॉवरच्या दिशेच्या सेन्सरांचा अजून थोडा कमी राहतो.

खारघरकर

उरलेला नॉइज हा आता इ चा वाटा असावा, टॉवरमधून तुमच्याच पट्ट्यात सांडणारा. कॅव्हिटी लावलेली असतानाच टायनीएसए जोडा, मध्ये तुमचा एलएनए मॉड्यूल ठेवा म्हणजे त्याचा स्वतःचा नॉइज आड येणार नाही, आणि ८६४ ते ८६८ पाहत अँटेना गच्चीवर हलवून बघा. या मोजणीत गेटवे सुटा ठेवा, एलएनएकडे काही पाठवलं जाऊ देऊ नका. जिथे फ्लोअर सर्वांत खाली येतो तिथे खांब रोवा. अँटेना वर-खाली हलवूनही पाहा. उभ्या अँटेनाला आपल्या थेट वर आणि खाली फार कमी ऐकू येतं, म्हणून दोन-तीन मीटर उंचीच्या फरकानेही आकडे बदलतात.